पहिली हाक

त्या दोघी घरी आल्या तेव्हा झोपेत होत्या.

माघातली सकाळ होती. हिरण्यकेशी नदीवरचं धुकं अजून उसाच्या शेंड्यांवर रेंगाळत होतं आणि आमच्या हाळवण गावाकडे येणारा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता दिसत होता. त्या धुक्यातून लष्कराची पांढरी गाडी आवाज न करता आली आणि दाराशी थांबली. जवानांनी आधी मोठा पाळणा उतरवला, मग लहान. पाळणा हे नाव जवानांनीच दिलेलं. खरं म्हणजे त्या काचेचं झाकण असलेल्या लांबट पेट्या होत्या. पण पेटी म्हटलं की घरच्यांच्या मनात भलतंच येतं.

वहिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकल्याशिवाय आमच्याकडे त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. त्यांनी मोठ्या पाळण्यावरून ओवाळलं, लहान पाळण्यावरून ओवाळलं, आणि मग रिकामा तांब्या हातात धरून गाडीकडे बघत राहिल्या. गाडीत तिसरं कुणी नव्हतं. हे त्यांना आधीच कळवलेलं होतं. तरी बघत राहिल्या.

वहिनी म्हणजे रूपालीवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, तिथून निवृत्त झाल्यावर पुस्तकं घेऊन माडीवरच्या खोलीत येऊन राहिलो. वहिनींचा एकुलता एक मुलगा शार्दूल खोराटे सैन्यात नायब सुभेदार होता. किसांगी नावाच्या एका लहानशा बेटावर आपल्या सैन्याची एक तुकडी तिथल्या लोकांना प्रशिक्षण द्यायला गेली होती, तिच्यात तो होता. बायको आणि मुलगी बरोबर होत्या. मुलगी रेवा तिकडेच जन्मली. आम्ही तिला कधी हातात घेतलेलं नव्हतं.

मग त्या बेटावर लढाई सुरू झाली. आकाशात जे उडेल ते कुणाचं आहे हे न विचारता पाडलं जाऊ लागलं, त्यामुळे विमानं बंद झाली. जात-येत होत्या त्या फक्त माणसाविना चालणाऱ्या मालबोटी. पाण्याच्या पातळीलगत बसणाऱ्या, मुंगीच्या चालीनं जाणाऱ्या, कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या. त्यांच्यात ना खोल्या, ना स्वयंपाकघर, ना पुरेशी हवा. जाग्या माणसाला त्यातून आणणं शक्य नव्हतं. झोपलेल्या माणसाला शक्य होतं. म्हणून जवानांच्या कुटुंबांना मंदनिद्रेत घालून, पाळण्यांत ठेवून, मालासारखं आणलं गेलं. दीड महिना त्या दोघी समुद्राच्या पोटात झोपून होत्या.

शार्दूल धक्क्यावर पहाऱ्याला होता. तिथंच तो गेला. रेवाला तोवर झोपवलेलं होतं. बायकोला कळलं तेव्हा बोट सुटायला थोडाच अवकाश होता.

"रडल्या नाहीत त्या," पाळणे घेऊन आलेल्या हवालदारानं मला अंगणात बाजूला घेऊन सांगितलं. "धक्क्यावरच्या जवानानं फोनवर सांगितलं. मुलीच्या पाळण्याची काच पदरानं पुसली, आणि स्वतःच्या पाळण्यात जाऊन पडल्या. मग त्यांनी झाकण लावलं."

मंदनिद्रेविषयी मला जे कळलं आहे ते वाचून आणि डॉक्टर शबाना नदाफ यांना पुन्हा पुन्हा विचारून; त्या पाळण्यांबरोबर आल्या होत्या. चुकत असेन तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. थंड मुलखातल्या काही खारी हिवाळाभर बिळात निजून काढतात. त्यांचं अंग बर्फाच्या जवळपास गार होतं, काळीज मधूनच एखादा ठोका देतं. या झोपेत त्यांच्या मेंदूतली पेशी-पेशींना जोडणारी टोकं आत ओढली जातात. शिशिरात झाडानं पानं टाकावी तसं. उन्हाळ्यात खार जागी झाली की ती टोकं काही तासांत पुन्हा फुटतात, आणि तिला आपलं बीळ, आपली पुरलेली फळं, सगळं आठवतं. कारण पानं गळली तरी ती कुठं फुटायची याची खूण फांदीवर शिल्लक असते.

माणसाला असं झोपवायची युक्ती सापडली तेव्हा एक गोष्ट नव्यानं कळली. खारीला आठवायचं ते थोडकं असतं. माणसाच्या मेंदूत इतक्या फांद्या असतात की सगळीकडे एकदम पालवी फुटायला लागणारी ताकद जागं होणाऱ्या शरीरात नसते. ज्या फांदीला पहिली हालचाल होते तिथं आधी फुटतं, मग तिच्या शेजारी, मग त्याच्या शेजारी. ज्या फांद्या फार दिवस तशाच राहतात त्यांच्यावरची खूण मेंदू पुसून टाकतो. म्हणून जागं होताना पहिल्यांदा कानावर काय पडतं याला फार महत्त्व. आणि म्हणून माणसाला दवाखान्यात उठवत नाहीत. त्याच्या घरी नेतात आणि घरच्या माणसानं त्याला घरातल्या नावानं हाक मारायची असते.

"घरात काय नावानं हाक मारता?" डॉक्टर नदाफ यांनी वहिनींना विचारलं.

"गिरिजा," वहिनी म्हणाल्या.

यात त्यांचं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची पद्धत आमच्या घरात अजून होती. वहिनींनी हौसेनं गिरिजा हे नाव निवडलं होतं. त्या घरातलं तिचं नाव तेच.

मधल्या खोलीत मोठा पाळणा उघडला. तिचं अंग हळूहळू कोमट होत होतं. डॉक्टर यंत्राकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवल्यावर वहिनी वाकल्या आणि लेकराला उठवावं तशा म्हणाल्या, "गिरिजा. ए गिरिजा. उठ गं बाई."

तिनं डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग वहिनींकडे. ओळखीचं हसली.

"आई, उशीर झाला का हो?" ती म्हणाली. "तांदूळ निवडायचे राहिलेत ना. यांचा फोन आला? पोचले का युनिटला?"

वहिनींचा हात तिच्या कपाळावर होता तो तसाच राहिला.

"आला हुता," वहिनी म्हणाल्या. "पोचला म्हणं."

लग्नानंतर शार्दूलची सुट्टी संपली आणि तो एकटाच पुढे गेला. क्वार्टर मिळेपर्यंत नवी सून काही महिने आमच्याकडे राहिली होती. मग ती त्याच्याकडे गेली, तिथून दोघं किसांगीला, आणि परत येणं जमलंच नाही. ती त्या महिन्यांत जागी झाली होती. पुढची नऊ वर्षं पाळण्यातच राहिली.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला अंगणात विचारलं, "काका, यांचे मिस्टर यांना काय म्हणायचे?"

"सायली," मी म्हणालो. "माहेरचं नाव. तो पहिल्यापासून तेच म्हणायचा."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी घरातलं नाव विचारलं. कुठलं घर ते विचारायला पाहिजे होतं. सासूबाईंच्या आवाजात गिरिजा हे नाव तिनं फक्त त्या दिवसांत ऐकलेलं. तीच फांदी हलली."

"मग आता सायली म्हणून हाक मारली तर?"

"आता पालवी फुटून झाली. पुन्हा गार करावं लागेल, थोड्या वेळासाठी. आठवड्याच्या आत. तोवर खुणा असतात." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "पण हाक कोण मारणार? तिचा भाऊ बेळगावला आहे म्हणता. त्यानं सायली म्हटलं तर ती उठेल आणि शाळेचा डबा मागेल. त्या नऊ वर्षांतला आवाज पाहिजे."

त्या नऊ वर्षांतला एक आवाज किसांगीच्या धक्क्यावर संपला होता. दुसरा लहान पाळण्यात झोपलेला होता.

"मुलीला आधी उठवू," डॉक्टर म्हणाल्या. "पण बाईंना पुन्हा झोपवायला आधी त्यांचीच संमती हवी, आणि संमती घ्यायची तर नवरा गेल्याचं त्यांना सांगावं लागेल. कशासाठी उठायचं ते माहीत नसताना मी त्यांना पुन्हा झोपवणार नाही."

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या, हे आम्हाला कळलं नव्हतं.

"तिला एकदा कळलं हुतं ते देवानं पुसलं," त्या म्हणाल्या. "परत रंडकी करायला मी हूं म्हणणार न्हाई, डॉक्टरीणबाई. जावा तुम्ही आता. अंधार पडतोय, घाटात धुकं असतंय."

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. घरच मागे सरकलं होतं. ओसरीवर घनसाळ तांदळाचा वास, त्यात सूप घेऊन बसलेल्या सासू-सुना, आणि त्यांच्या गप्पांत एक नुकता लग्न झालेला शार्दूल, जो कुठंतरी वर उत्तरेत थंडीत कुडकुडत होता आणि सुट्टीवर यायचा होता.

"लहानपणी पण असाच का हो, आई? बोलता बोलता झोपायचा?"

"असाच म्हणजे? म्हशीच्या पाठीवर झोपला हुता एकदा. म्हस घरला आली, ह्यो वर घोरतोय."

"माझ्याशी फोनवर बोलताना झोपला परवा. मी आपली हूं हूं करतेय, पलीकडनं घरघर."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार. ऐकत बसले."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. दीड महिन्यात त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. जिन्यात उभा राहून मी ते ऐकत होतो, आणि मलाही वाटलं की तो थंडीत कुडकुडत असेल, त्याला लोकरीचं काहीतरी पाठवायला हवं. कोणत्या दुकानात चांगलं मिळेल इथपर्यंत माझा विचार गेला. मग भानावर आलो.

तिला सगळंच लपवलेलं नव्हतं. काही वर्षं आठवणीतून राहून गेली आहेत, लहान पाळण्यात आहे ती तुझी मुलगी, शार्दूल ड्यूटीवर आहे, एवढं तिला सांगितलं होतं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. आरशात जास्त वेळ बघत नव्हती. हातावरचा एक जुना भाजल्याचा डाग मात्र सारखा अंगठ्यानं पुसून पाहायची.

पूर्वीसारखीच ती माझ्या खोलीत पुस्तक मागायला आली. नऊ वर्षांपूर्वी नेलं होतं तेच नेमकं उचललं आणि खिडकीशी बसून वाचू लागली. पूर्वी हसली होती त्याच ठिकाणी हसली. मी माझ्या पुस्तकात तोंड घातलं.

"अण्णा," ती म्हणाली, "ती माझ्यासारखी दिसते का हो?"

"रेवा? नाक तुझं आहे."

"मी तिच्याजवळ जाऊन बसते रोज. पाहुण्यांची पोर झोपलीय असं वाटतं. गोड आहे. पण उठली की तिची आई येऊन घेऊन जाईल, असं." तिनं पुस्तक मिटलं. "आणखी एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय. हे फौजी लोकांचं गाव. माझं लग्न झालं तेव्हा पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जो तो मला एकच विचारायचा, नवरा सुट्टीवर कधी येणार. ओळख नसलेली माणसंसुद्धा विचारायची. आता येऊन एवढे दिवस झाले. अंगणात माणसं येतात, माझ्याकडे बघतात, तब्येत विचारतात, निघून जातात. सुट्टी कधी, असं एकानंही विचारलं नाही."

मी चष्मा काढला आणि तो हातात धरून बसलो.

ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर धुक्यात फणसाचं झाड अर्धंच दिसत होतं.

"मला माहीत होतं? तिकडे?"

"हो. तुला तिथंच सांगितलं होतं."

"मग मी काय केलं?"

हवालदारानं मला जे सांगितलं ते मी तिला सांगितलं. काच पुसली आणि जाऊन पडलीस.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बोटानं टिपलं आणि बोटाकडे पाहत राहिली.

"बघा ना," ती म्हणाली. "एवढंच येतंय. मी त्याला लग्नानंतरच्या सुट्टीपुरतं ओळखते, अण्णा. चांगला मुलगा होता. फोनवर झोपायचा. वाईट वाटतंय, पण गावातलं कुणी गेल्यावर वाटावं तेवढंच. ज्या बाईनं काच पुसली तिला किती वाटलं असेल. आणि ती माझ्यातच कुठंतरी झोपलीय."

मग मी तिला डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. पुन्हा गार करण्यात थोडा धोका असतो हेही. आणि हेही की जागी झाल्यावर इथले हे दिवस, ही तांदळाची सुपं, हे पुस्तक, यातलं काही राहणार नाही. ती उठेल ती थेट त्या काचेजवळून उठेल.

ती खाली गेली. मी जिन्यात थांबलो. मध्ये पडायचं धैर्य नव्हतं आणि वर जायचंही.

वहिनी चुलीपुढे होत्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं.

"भावजींनी सांगितलं व्हय," त्या म्हणाल्या. "मुखदुर्बळ माणूस, नको तितं बरा बोलला."

"नाही हो. मीच ओळखलं."

"मग झालं तर. कळलं, आता ऱ्हा की अशीच. तुला काय कमी हाय हितं? पोरीला मी सांभाळती. तू तरणी हाईस, पुढं तुला काय वाटंल ते कर, मी आडवी येणार न्हाई."

"आई, मला झोपायचंय पुन्हा."

वहिनींनी लाकूड आत सारलं. "कशाला?" त्या चुलीकडे बघतच म्हणाल्या. "तुला ठावं न्हाई तू काय मागतीस. मी गेला दीड महिना कसा काढला ते मला ठावं. आणि तू आलीस. सकाळी उठलीस की इचारतीस, फोन आला का. मी म्हणती आला. तेवढा येळ माझा शार्दूल युनिटात असतोय गं. तुझ्याकडं बघितलं की तो हाय. तू गेलीस की तो जाणार."

ती सासूच्या शेजारी जमिनीवर बसली.

"कुठला शार्दूल आहे आई आपल्याकडे?" ती म्हणाली. "तुमच्याकडे म्हशीवर झोपलेला आहे. माझ्याकडे फोनवर झोपलेला आहे. रोज आपण दोघी त्या दोघांनाच फिरवून फिरवून बोलतो. पण त्याच्यानंतर तो नऊ वर्षं जगला ना. बाप झाला. रेवाला पहिल्यांदा घेताना त्यानं काय केलं? तिकडे काय खायचा, कशाला चिडायचा, तुमची आठवण काढून काय म्हणायचा? तुम्हाला माहीत आहे?"

"दर रविवारी फोन करायचा की."

"फोनवर माणूस आईला काय सांगतो? बरा आहे, जेवलो. तेवढंच. बाकीचा सगळा शार्दूल त्या बाईकडे आहे, जी झोपलीय. तिला उठवलं नाही तर तेवढा तो दुसऱ्यांदा जाईल. आणि ती पोर उठल्यावर बापाबद्दल कुणाला विचारणार? मला? मी तिला काय सांगू, फोनवर झोपायचा?"

चुलीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला.

"ती उठली की मला सांगंल?" त्यांनी विचारलं. "त्याचं सगळं?"

"लगेच नाही सांगणार. आधी रडेल."

"रडू दे की," वहिनी म्हणाल्या. "मी काय पळून चाललीया."

डॉक्टर नदाफ दुसऱ्या दिवशी आल्या. पाळण्यात आडवं होण्याआधी गिरिजानं माझं पुस्तक परत आणून दिलं. खूण कुठवर आहे ते दाखवून म्हणाली, "पुन्हा मागायला आले तर पहिल्यापासून द्या." मग वहिनींच्या पाया पडली. वहिनींनी तिला गच्च धरलं, आणि म्हणाल्या, "माझी गिरिजा चांगली हुती बघ." कुणाला म्हणाल्या, ते मला कळलं नाही. झाकण लागलं.

आता रेवाची पाळी. इथं एक अडचण होती, आणि ती वहिनींच्या ध्यानात आली नव्हती. त्या लहान पाळण्याजवळ जाऊन बसल्या, घसा साफ केला.

"थांबा काकू," डॉक्टर म्हणाल्या. "हिनं तुम्हाला कधी समोर पाहिलंय?"

"न्हाई. फोनवर बोलतोय की दर आयतवारी."

"फोनवर. मग तुमचा आवाज तिला तसाच ठाऊक आहे. समोरून ऐकला तर ती कुणी परकी बाई होईल. तुम्ही बाहेर जा आणि फोन करा."

"आता गं बया," वहिनी म्हणाल्या. "नात पुढ्यात निजलीया आणि मी परसात जाऊन फोन करू?"

पण गेल्या. गोठ्यामागे फणसाखाली उभ्या राहिल्या, शार्दूलशी बोलायला जिथं उभ्या राहायच्या तिथंच, कारण तिथं आवाज नीट पोचतो असा त्यांचा समज होता. मी माझा फोन पाळण्याच्या उशाशी धरला. काचेवरचं दव विरत होतं आणि आत एक सावळा, फुगऱ्या गालांचा चेहरा स्वप्नातून वर येत असल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी मान हलवली.

"रेवाबाई," फोनमधून वहिनींचा किनरा आवाज आला, गरजेपेक्षा मोठा. "ओ रेवाबाई. जेवलीस का? काय खाल्लंस आज?"

काही झालं नाही.

"आगं बोल की. आजी हाय. मासं खाल्लंस का पुन्ना? काटं काढून देतोय का न्हाई तुझा बाबा?"

पापण्या हलल्या. ओठ हलले.

"आजी," ती जडावलेल्या आवाजात म्हणाली. "आज रविवार आहे?"

फोनमध्ये नुसता वारा ऐकू आला. मग वहिनी म्हणाल्या, "न्हाई बाई. सहजच केला. बोलावंसं वाटलं."

थोड्या वेळानं एक म्हातारी बाई फोन कानाला लावूनच परसातून आत आली. त्या आवाजाला चेहरा आहे हे बघून रेवा चकित झाली. दिवसभर तिनं आजीला फोन ठेवू दिला नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात आजी, दुसऱ्या कोपऱ्यात नात, आणि फोनवर गप्पा. असं करत करत संध्याकाळी ती मांडीवर येऊन बसली.

"बाबा मागून दुसऱ्या बोटीनं येणार आहेत," तिनं सांगितलं.

"आई उठू दे," वहिनी म्हणाल्या. "मग बोलू आपण तिघी."

मोठा पाळणा उघडायचा दिवस आला तेव्हा ऊन लवकर पडलं होतं. रेवाला काय करायचं ते डॉक्टरांनी समजावलं. तुझी आई खूप दमून झोपलीय. तुमच्या घरी तिला जसं उठवायचे तसं उठव.

"मी नाही उठवत," रेवा म्हणाली. "बाबा उठवतात. मी त्यांच्या पाठीवर असते."

"मग बाबा उठवतात तसं उठव."

त्यांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं. आमचे चेहरे त्या नऊ वर्षांत नव्हते. मी आणि वहिनी ओसरीवर बसलो. दार पुरतं लागत नाही, त्यामुळे ऐकू येत होतं. यंत्राचा बारीक आवाज. स्टूल ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही. ती आलीच नाही तर, असं मला वाटत राहिलं. कुणाला तरी पहिल्यांदा भेटल्यासारखी डोळे उघडेल आणि ओळख विचारेल. मला विज्ञान वाचून येतं, त्याच्यावर भरवसा टाकता येत नाही.

मग रेवाचा आवाज आला. पण तो रेवाचा नव्हता. म्हणजे गळा तिचा, चाल दुसऱ्याची. जाड आवाज काढून, शब्द ओढत, दर सकाळी कुणीतरी म्हणत असेल अगदी तसं ती म्हणत होती.

"सायलीबाई. ओ सायलीबाई. चहा मी केलाय, साखर विसरलोय. उठा आणि रागवा."

वहिनींनी माझा दंड धरला. तो त्यांच्या मुलाचा आवाज होता, आणि ही वाक्यं त्यांनी कधी ऐकलेली नव्हती.

आत खूप शांत होतं. नंतर एक श्वास ऐकू आला, पाण्याखालून वर आलेल्या माणसाचा असतो तसा. आणि त्याच्यामागून रडणं. आधी थांबत थांबत, मग न थांबता, घर भरून जाईल असं. दीड महिना समुद्राखालून आलेलं, एका धक्क्यावर वेळ नव्हता म्हणून राहून गेलेलं. मध्येच ती "रेवा, रेवा" म्हणत होती.

तो आवाज ऐकून आम्हा दोघांना आनंद झाला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

"आली," वहिनी म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, पदर नीट केला आणि रडायला आत गेल्या.